गरीचा दोरा : तंगूस की विणलेला?



गळाला मासा लागला की सगळ्यांचे डोळे पाण्याकडे लागतात. कोणी वाकलेल्या काठीकडे पाहतो, कोणी गरवणाऱ्याच्या हाताकडे. दोऱ्याची आठवण होते ती तो तुटल्यावर. मग कडेला बसलेली मंडळी निदान सांगून मोकळी होतात : "दोरा कच्चा होता!" बहुतेक वेळा दोरा कच्चा नसतो. तो त्या जागेला साजणारा नसतो. आज तुमच्याशी बोलायचे आहे ते याच गोष्टीविषयी.

घाटावरच्या श्रोत्यांसाठी एक शब्द आधी सांगून ठेवतो. कोकणात गळ टाकून मासे धरण्याला 'गरवणे' म्हणतात आणि गळाला 'गरी'. पूर्वी गरवणाऱ्याजवळ हातदोरी असे : लाकडाच्या तुकड्याला गुंडाळलेली दोरी, टोकाला शिसे आणि गरी. आजही ती आहे आणि उत्तम चालते. पण गेल्या काही वर्षांत आपल्या खडपांवर, जेटीवर, खाडीच्या कडेला, आणि आत देशावर धरणांच्या काठीसुद्धा, रॉड आणि स्पिनिंग रीळ घेतलेली तरुण मुले दिसू लागली आहेत. काठीच्या खाली लोंबणारे, एका बाजूला मूठ आणि पुढे तारेची कमान असलेले ते यंत्र तुम्ही पाहिले असेल. त्या रिळावर दोरा कुठला भरायचा, हा त्यांचा पहिला प्रश्न.

दुकानात दोन दोरे पुढे येतात. एक एकसंध, काचेच्या तारेसारखा, थोडा ताठ. त्याला आपल्याकडे तंगूस म्हणतात. डब्यावर 'मोनोफिलामेंट' लिहिलेले असते. दुसरा मऊ, बारीक, शिवणाच्या दोऱ्यासारखा. चार किंवा आठ पदर वेणीसारखे एकमेकांत गुंफलेले. दुकानदार त्याला 'ब्रेडेड' म्हणतो, आपण विणलेला दोरा म्हणू. पहिला स्वस्त, दुसरा त्याच्या कितीतरी पट महाग. मुलगा विचारतो, "काका, यातला मजबूत कुठला?" आणि काका जर खरे गरवणारे असतील तर उत्तर न देता उलट विचारतात, "तू खंय गरवूक जातंस, ता सांग आधी."

काकांचे बरोबर आहे. नऊ किलोचा तंगूस आणि नऊ किलोचा विणलेला दोरा हे दोन्ही सरळ, सावकाश ओढले तर साधारण नऊ किलोच्या आसपासच तुटणार. मजबुती डब्यावर छापलेलीच आहे. विचारायचे ते निराळे : ताण आला म्हणजे हा दोरा करतो काय?

त्याआधी रीळ कसे चालते ते थोडक्यात पाहू, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल. पतंगाची फिरकी आठवा. दोरा सुटतो तेव्हा फिरकी गरागरा फिरते. स्पिनिंग रिळाचे तसे नाही. फेकताना त्याचा स्पूल जागचा हलत नाही; दोरा त्याच्या पुढच्या कडेवरून वेटोळ्या-वेटोळ्यांनी निसटत जातो. आणि मूठ फिरवली की ती तारेची कमान स्पूलभोवती फिरून दोरा परत गुंडाळते. ही कल्पना नदीकाठी जन्मली नाही, कापडगिरणीत जन्मली. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड या लोकरीच्या धंद्याच्या गावी आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ नावाचे गृहस्थ होते. गिरणीतल्या बॉबिनच्या टोकावरून सूत कसे अडखळण्यावाचून निघते, हे पाहून त्यांनी अशा रिळाचे पेटंट १९०५ साली घेतले. त्या वेळी अशा रिळावर रेशमाचा बारीक दोरा असे. म्हणजे विणलेला दोरा ही काही आजची नवलाई नाही. रेशीम आणि सूत ओले राहिले की कुजायचे, म्हणून रोज संध्याकाळी तो दोरा रिळावरून काढून वाळवावा लागे. आपल्या कोळी बांधवांना सुती जाळी सालीच्या रसात बुडवून, किनाऱ्यावर पसरून वाळवावी लागत, तोच हा त्रास.

तो त्रास मिटवला नायलॉनने. अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीत वॉलेस कॅरोदर्स या रसायनशास्त्रज्ञाने १९३५ साली नायलॉन तयार केले आणि १९३८ साली ते जगापुढे आले. बाजारात त्याचा पहिला उपयोग झाला तो दात घासण्याच्या ब्रशाच्या केसांसाठी! मासेमारीची एकसंध तारही लगोलग निघाली. पण ती जाड आणि ताठ. रिळावर नीट बसेल अशी बारीक, एकसारखी तार यायला १९५८ साल उजाडले. विणलेल्या दोऱ्याचा नवा अवतार त्याहून अलीकडचा. तो पॉलिएथिलीनचा, म्हणजे आपली प्लास्टिकची पिशवी आणि बादली ज्या घराण्यातली, त्याच घराण्यातला. हॉलंडमधल्या संशोधकांनी १९७९ च्या सुमारास अतिशय लांब साखळ्यांचे पॉलिएथिलीन विरघळवून, त्याचे तंतू ओढून, त्या साखळ्या एका दिशेला सरळ बसवण्याची रीत शोधली. १९९० पासून तो तंतू कारखान्यात निघू लागला आणि पुढच्या दोन-चार वर्षांत गरवणाऱ्यांच्या रिळावर येऊन बसला. वजनाच्या मानाने हा तंतू पोलादाला मागे टाकतो.

आता मूळ मुद्दा. नायलॉनचा तंगूस ताणला की लांब होतो. तुटायच्या आधी तो शंभराला वीस-तीस इतका लांबू शकतो. विणलेला दोरा शंभराला फार तर तीन-चार. तुम्ही पन्नास मीटर अंतरावर गरी टाकली आहे असे धरा. मासा ओढू लागला की तंगूस दोन-तीन मीटर सहज वाढतो आणि ढील मिळाली की परत आखडतो. म्हणजे तुमच्या आणि माशाच्या मध्ये रबराची एक लांबलचक दोरी आहे म्हणा ना! विणलेला दोरा म्हणजे मध्ये जणू काठीच. तिकडे हलले की इकडे कळले.

यातच दोघांचे गुण आले आणि दोषही आले.

विणलेल्या दोऱ्यावर माशाने आमिषाला नुसते तोंड लावले तरी बोटाला समजते. गरी वाळूवरून चालली आहे की दगडावरून, हेही हाताला कळते. लांबवर झटका दिला तर तो पुरा गळापर्यंत पोहोचतो. तंगुसात तोच झटका वाटेत मुरतो. पण मासा अगदी पायाशी आला आणि त्याने शेवटची उसळी मारली, की विणलेल्या दोऱ्याकडे देण्यासारखे काही नसते. तो सगळा धक्का गाठीवर येतो, नाहीतर माशाच्या ओठावर येतो. गाठ सुटते किंवा ओठ फाटतो. तंगूस अशा वेळी सांभाळून घेतो. नवशिक्याच्या हातची पाच-सात चुकीची हिसकी तो पोटात घालतो. म्हणून लहान मुलाला पहिले रीळ द्याल, तर त्यावर तंगूसच भरा. विणलेला दोरा नको.

दुसरी गोष्ट जाडीची. नऊ किलोचा तंगूस साधारण ०.४० मिलिमीटर जाड असतो; विणलेला साधारण ०.२३. फरक दिसायला थोडा, पण दोऱ्याने व्यापलेली जागा जाडीच्या वर्गाप्रमाणे बदलते. ०.४० चा वर्ग ०.१६, ०.२३ चा सुमारे ०.०५३. म्हणजे ज्या स्पूलवर तंगूस शंभर मीटर मावतो, तिथे विणलेला तीनशे मीटर मावेल. बारीक असल्यामुळे तो फेकला जातोही दूर, आणि खाडीच्या ओढीत प्रवाह त्याला कमी वाहवतो. डब्यावर कधी पौंड लिहिलेले असतात. पौंडाचे किलो करायचे तर निम्म्याहून थोडे कमी धरा, वीस पौंड म्हणजे नऊ किलो. जपानी पद्धतीच्या डब्यावर 'पीई १', 'पीई २' असे आकडे असतात. ते जाडीचे आकडे आहेत : १ म्हणजे ०.१६५ मिलिमीटर, २ म्हणजे ०.२३५.

इतके ऐकून कोणाला वाटेल, पैसे असतील तर विणलेलाच घ्यावा, संपला प्रश्न. आता जरा आपल्या खडपावर चला.

ओहोटीला उघडी पडलेली खडपे तुम्हाला ठाऊक आहेत. त्यांवर कालवे बसलेली असतात. अनवाणी पाय पडला तर रक्त काढल्याशिवाय सोडत नाहीत. आणि मासे तर तिथेच. तांबोशी त्या बिळांत, हेकरू त्या कपारीत. हेकरू गरी लागताच दूर पळत नाही, तो सरळ आपल्या घरात शिरतो आणि कल्ले फुगवून बसतो. दोरा घासला जातो तो कालवांच्या धारेवर. इथे बारीक विणलेला दोरा दगा देतो. त्याचे पदर केसाहून बारीक. ताणलेल्या स्थितीत धारेवर एकदा घासले की एकामागून एक तुटतात, आणि नऊ किलोचा दोरा दोन किलोलाही सोडून जातो. जाड, गुळगुळीत तंगूस तेच घासणे बराच वेळ सोसतो. त्याला ओरखडा पडतो, पण गाभा शिल्लक राहतो. म्हणजे तुमच्या बोटाला वार्ता देणारा दोरा एक, आणि दगडाशी झुंजणारा दोरा दुसरा.

उत्तर जुनेच आहे. रेशमाच्या काळातही शेवटचा हात-दोन हात तुकडा निराळा असे. तो रेशमाच्या किड्याच्या पोटातल्या रसाची तार ओढून केलेला असे, आणि स्पेनमधल्या मुर्सियाकडे त्याचा धंदा चाले. आजही तेच करायचे. रिळावर विणलेला दोरा, आणि गरीकडे दीड-दोन मीटर जाड तंगुसाचा तुकडा. याला 'लीडर' म्हणतात. नऊ किलोच्या विणलेल्या दोऱ्यापुढे खडपावर चौदा-पंधरा किलोचा लीडर जोडा. कोणी त्यासाठी फ्लोरोकार्बन नावाची तार वापरतात. ती नायलॉनहून जड, कठीण, आणि पाण्यात थोडी कमी दिसणारी, पण महाग. खाडीच्या गढूळ पाण्यात त्या न दिसण्यासाठी जादा पैसे मोजावे असे मला वाटत नाही.

लीडरचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो मला मासा मिळण्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. दोरा कधीतरी तुटणारच. तो कुठे तुटावा हे मात्र थोडेफार तुमच्या हातात आहे. नुसता दोरा रिळापासून गरीपर्यंत एकसारखा असेल तर तो कुठेही तुटेल, आणि ओठात गरी अडकलेला मासा मागे तीस-चाळीस मीटर दोरा ओढत कपारीत जाईल. तिथे तो दोरा दगडाला अडकला की मासा बांधला गेला. मेला नाही तोवर सुटका नाही. लीडर जोडलेला असला, म्हणजे खडकाने वरचा दोरा कापला नाही तर ताणाने तुटते ती बहुधा जोडाची गाठ, आणि माशाबरोबर जातो तो दीड-दोन मीटरचा तुकडा. खडपात जवळच शिसे टाकून गरवत असाल तर शिसे मुद्दाम कमी ताकदीच्या, कच्च्या तंगुसाने बांधा. कपारीत अडकते ते शिसेच. ते तिथे राहील; मासा आणि दोरा परत येईल.

पुळणीवरचे गणित वेगळे. तिथे घासायला खडक नाही, पण शिसे जड आणि फेक लांब. शंभर ग्रॅमचे शिसे पूर्ण जोराने फेकताना दोऱ्यावर जो झटका बसतो तो शिशाच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. बारीक दोरा त्या क्षणी तुटला तर शिसे बंदुकीच्या गोळीसारखे जाते, आणि पुळणीवर माणसे असतात, मुले खेळत असतात. म्हणून दोरा कुठलाही असो, पुढे जाड लीडर हवाच, आणि तो इतका लांब की फेकताना त्याचे चार-सहा वेढे स्पूलवर राहतील. अंदाज असा : शिशाच्या दर अठ्ठावीस ग्रॅमला लीडरची साडेचार किलो ताकद. शंभर ग्रॅमला सोळा किलो झाले. हे करायचे नसेल तर शिसे हलके घ्या. एकट्या शिंगाळ्यासाठी तासभर वाट पाहत बसणाऱ्या माणसाला, खरे सांगायचे तर, ०.४० चा साधा तंगूस पुरेसा आहे. वाळूवर त्याला कशाची भीती नाही.

खाडीत कांदळवनाच्या कडेला जिताड्यासाठी खोटा मासा फेकणारे पुष्कळ आहेत. तिथे विणलेला दोरा शोभतो. जिताडा तिवरांच्या मुळांकडे धाव घेतो, त्याला पहिल्या दोन हातांतच थांबवावे लागते. रबरासारखा ताणणारा दोरा तिथे कामाचा नाही. मात्र जिताड्याच्या गालफडाची कड सुरीसारखी असते, तेव्हा पुढे लीडर पाहिजेच. सुरमईच्या दातांपुढे दोन्ही दोरे सारखेच नालायक. तिथे तारेचा तुकडा लागतो. तळ्यात शेवाळ-पाणवनस्पतीत मरळ असते, तिथेही विणलेला दोरा बरा. तो वनस्पती कापत येतो, तंगूस तिच्यात गुंततो. आणि नदीच्या डोहात कणकेच्या गोळीवर तरंगी लावून बारीक मासे धरायचे असतील, तर विणलेल्या दोऱ्याचे नावही काढू नका.

गाठीविषयी दोन शब्द, कारण निम्मे मासे गाठीवर जातात. तंगुसाला चालणारी गाठ विणलेल्या दोऱ्याला चालेलच असे नाही. तो बुळबुळीत असतो, साधी गाठ हळूच सरकून सुटते. गाठ रेडिओवरून दाखवता येत नाही, पण एक सोपी सांगतो, ती दोन्हींना चालते. दोरा दुहेरी करून गरीच्या डोळ्यातून पार करा. त्या दुहेरी दोऱ्याची साधी सैल गाठ मारा, म्हणजे गरी गाठीच्या मध्ये लोंबत राहील. पलीकडे उरलेल्या फासातून अख्खी गरी ओवून घ्या. मग थुंकी लावून, सावकाश, दोन्ही टोके ओढून घट्ट करा. थुंकी लावायला विसरू नका. कोरडी गाठ झटक्यात आवळली की घर्षणाने तापते, आणि पॉलिएथिलीन सुमारे दीडशे अंशांनाच वितळते; डोळ्यांना काही दिसत नाही, पण दोरा तिथे अर्धा मेलेला असतो.

विणलेला दोरा नव्या रिळावर भरताना खाली आधी दहा-पंधरा वेढे तंगुसाचे घ्या. नाहीतर अख्खा गुंडाळा गुळगुळीत स्पूलवर नुसताच गोल फिरतो. मासा ओढतो, रीळ दोरा सोडते, तुम्ही मूठ फिरवता, आणि दोरा काही आत येत नाही. लोक म्हणतात, रीळ बिघडले. भरताना दोरा ओल्या फडक्यात धरून ताणून भरा, आणि स्पूलच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर जागा मोकळी ठेवा. काठोकाठ भरलेला दोरा पहिल्याच फेकीला घरटे होऊन बाहेर पडतो. वाऱ्याच्या दिवशी फेकल्यावर कमान मुठीने पाडू नका, हाताने पाडा, आणि दोरा एकदा बोटाने ताणून मग गुंडाळा. विणलेल्या दोऱ्याचा सैल फास एकदा आत गेला की पुढच्या फेकीला त्याची अशी गाठ होते की सोडवायला सुईच हवी.

तंगुसाचा त्रास दुसरा. तो ज्या वेटोळ्यात राहिला ते विसरत नाही, स्प्रिंगसारखा उठतो. आणि त्याला पीळ फार चढतो. मासा दोरा ओढून नेत असताना घाबरून मूठ फिरवत राहणारे पुष्कळ असतात. दोरा आत येत तर नाहीच, पीळ मात्र चढत जातो. मासा ओढतो आहे तोवर मूठ सोडा, काठी धरा.

दोरा वाचवणारे खरे साधन म्हणजे रिळावरचा ड्रॅग. तो चाकतीचा ब्रेक आहे. ठरावीक ताणाला तो घसरू लागतो आणि दोरा सुटू देतो. तो दोऱ्याच्या ताकदीच्या चौथ्या हिश्शाला लावावा. नऊ किलोला सव्वादोन किलो. ताणकाटा दोऱ्याला अडकवून कोणालाही हे मोजता येते. विणलेला दोरा असेल तर त्याहून किंचित सैल, कारण दोऱ्यात लवचीकपणा नाही, तो काठीतून आणि ड्रॅगमधूनच आणायचा आहे. हाताने ओढून "बरोबर आहे" म्हणणाऱ्यांचा ड्रॅग बहुधा जास्त आवळलेला असतो.

आता इजेविषयी. गरी दगडात अडकली की आपण दोरा हाताला गुंडाळून खेचतो. विणलेला दोरा असा कधीही, कधीही गुंडाळू नका. बोट हाडापर्यंत कापले जाते. लाकडाच्या तुकड्याला चार वेढे द्या, रीळ आणि काठी बाजूला धरा, दोरा सरळ रेषेत ठेवून मागे चालत जा, आणि तोंड दुसरीकडे करा. बारीक, न ताणणारा, न कुजणारा दोरा काय करतो हे पतंगाच्या मांज्याने आपल्याला दाखवले आहे. माणसांचे गळे आणि पाखरांचे पंख कापले गेले, तेव्हा २०१७ साली राष्ट्रीय हरित लवादाने नायलॉनच्या आणि तसल्या कृत्रिम मांज्यावर देशभर बंदी घातली. गरीचा दोरा त्याचाच भाऊबंद. खडपावर टाकून दिलेल्या गुंत्यात बगळ्याचा पाय अडकला की तो सुटत नाही. वेळास-आंजर्ल्याच्या पुळणीवर अंडी घालायला येणाऱ्या कासवांच्या मानेला आणि पायांना तोच गुंता पडतो. सुती दोरा दोन पावसाळ्यांत माती झाला असता. हे दोन्ही तुमच्या नातवंडांच्या काळापर्यंत टिकतील. तुटका दोरा खिशात घालून घरी न्या, वीत-वीत तुकडे करा, मग कचऱ्यात टाका. याला पैसा पडत नाही.

शिक्षकबंधुभगिनींसाठी चार प्रयोग सुचवतो. किनाऱ्यावरच्या शाळेत दोन्ही दोऱ्यांचे तुकडे फुकट मिळतील. पहिला : शाळेच्या व्हरांड्यात दहा मीटर अंतरावर दोन खुणा करा, दोऱ्याचे एक टोक खांबाला बांधा, दुसऱ्या टोकाला ताणकाटा लावून एक किलोने ओढा आणि किती सेंटिमीटर वाढ झाली ते मुलांना मोजू द्या. मग दोन किलोने. दोन्ही दोऱ्यांचा आलेख एकाच कागदावर काढला की आजचे माझे भाषण त्या कागदावर येईल. दुसरा : दोन्हींचे नखाएवढे तुकडे पेलाभर पाण्यात टाका, बोटाने दाबून नीट भिजवा. तंगूस बुडेल, कारण नायलॉन पाण्याहून जड. विणलेला तरंगेल, पॉलिएथिलीनची घनता ०.९७ आहे. खाऱ्या पाण्यात काय होईल, हे आधी मुलांना विचारा आणि मग मीठ टाका. तिसरा : तंगूस कोरडा आणि रात्रभर भिजवलेला, दोन्ही ताणकाट्याने तोडून पाहा. नायलॉन पाणी पिते आणि ओले झाले की ताकदीचा दहावा हिस्सा किंवा थोडी अधिकच गमावते. विणलेला दोरा पाणी पीत नाही. तोडताना बारीक दोराच घ्या, मुलांना लांब उभे करा आणि डोळ्यांवर चष्मा असू द्या. चौथा गणिताच्या तासाला : डब्यावरची जाडी घेऊन स्पूलवर किती मीटर मावेल ते काढणे. वर्गाचा उपयोग काय, असे विचारणाऱ्या मुलाला हे उदाहरण लगेच पटते.

राहिला पैशाचा प्रश्न. ज्याच्याजवळ एकच रीळ आणि एकाच दोऱ्यापुरते पैसे आहेत, त्याने काय घ्यावे? मी त्याला तंगूस घ्यायला सांगेन. खाडीत आणि पुळणीवर ०.३५ चा, खडपावर ०.४५ चा. त्यावर मासे मिळतील, गाठी शिकता येतील, आणि दरवर्षी तो बदलायला परवडेल. बदलावा मात्र लागतोच. कोकणातले ऊन नायलॉनला खाते. दोरा खरखरीत लागला, पांढुरका दिसू लागला की काढून टाका. पुढे हात बसला आणि खोटा मासा फेकायची आवड लागली, म्हणजे विणलेला घ्या. तो काही वर्षे चालतो. पुढचा भाग झिजला की उलटा भरावा, खालचा कोरा दोरा वर येतो. शंभर-दीडशे मीटर पुरेत. खाली उरलेली जागा तंगुसाने भरून काढा. तिथे तीनशे मीटर महाग दोरा झोपवून ठेवण्यात अर्थ नाही.

पावसाळ्यात समुद्र खवळला की खडपावर जाणे बंद करा आणि रीळ आवरून ठेवा. आधी गोड्या पाण्याने हलकेच धुवा. नळाची जोराची धार नको, खारे पाणी आत शिरते. विणलेल्या दोऱ्याच्या पदरांत मीठ साचते, म्हणून स्पूल काढून घटकाभर पाण्यात ठेवा आणि सावलीत वाळवा. ड्रॅगची कळ पूर्ण सैल करा, नाहीतर आतल्या चाकत्या दाबून चिकटतात. मग कपड्यात गुंडाळून, उन्हापासून आणि उंदरांपासून दूर, पेटीत ठेवा.